घड्याळ दुरुस्तीला देताना पावतीवर काय लिहून घ्यावं

मेकॅनिकल, म्हणजे सेलशिवाय स्प्रिंगवर चालणारं मनगटी घड्याळ देत असाल तर आधी वॉरंटी कार्डावरची तारीख, शिक्का आणि सिरियल नंबर घड्याळाशी जुळवून घ्या. मुदत शिल्लक असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्राशिवाय कुणालाही मागचं झाकण उघडू देऊ नका. घड्याळाचे फोटो तिरप्या उजेडात काढा, समोरच्या उजेडात चरे दिसतच नाहीत.

आता पावती. मी फसलो तो इथेच. माझ्या पावतीवर एकच शब्द होता, 'सर्व्हिस'. तीन महिन्यांत घड्याळ पुन्हा मागे पडायला लागलं, तर घड्याळजी म्हणाले, "तुमच्या हातून आपटलं असेल." माझ्याकडे एकही आकडा नव्हता, वाद घालणार कशावर? पैसे पुन्हा भरले.

म्हणून टाइमग्राफरचे, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे पावतीवर घ्याच, काम करण्याआधीचे आणि नंतरचेही. 'दिवसाला दोन सेकंद पुढे' एवढ्यावर खूश होऊ नका. सेकंदांचा फरक नुसत्या रेग्युलेटरला, म्हणजे चाल कमी-जास्त करणाऱ्या छोट्या दांडीला, हात लावूनही जुळवता येतो. आत तेल सुकलेलं असलं तरी. खरी गोष्ट कळते ती ॲम्प्लिट्यूडवरून, म्हणजे बॅलन्स व्हील (आतलं मागेपुढे फिरणारं चाक) किती अंशांपर्यंत झोका घेतं त्यावरून. पूर्ण चावी दिलेली, डायल वर, अशा स्थितीत बहुतेक आधुनिक घड्याळांत तो साधारण 270 ते 310 अंश असतो. सर्व्हिसनंतरही 220 दिसत असेल तर घड्याळ ताब्यात घेऊ नका, कारण विचारा. मात्र टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (प्रत्येक टिकटिकीला बॅलन्स व्हील जेवढ्या कोनात बाकी यंत्रणेच्या संपर्कात असतं तो कोन) कोणता टाकला तेही लिहून घ्या. सगळीकडे 52 अंश ठोकून देतात, आणि तुमच्या कॅलिबरचा, म्हणजे घड्याळातल्या यंत्रणेच्या मॉडेलचा, लिफ्ट अँगल वेगळा असेल तर ॲम्प्लिट्यूड चुकीचा दिसतो. डायल वर, डायल खाली, क्राउन (चावी देण्याचं बटण) खाली, अशा निदान तीन स्थितींतले आकडे हवेत. चावी दिल्यावर लगेचचे आणि 24 तासांनंतरचेही. 'सगळं रेंजमध्ये आहे' हे उत्तर मी आता ऐकूनच घेत नाही.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं असेल तर आधी चुंबकत्व तपासायला सांगा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात म्हणून असं होतं, आणि डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) काही सेकंदांत सुटतं. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसचं बिल देऊ नका.

बदललेल्या भागांची यादी, पाण्याची चाचणी किती बार दाबाला घेतली ते आणि कामाची हमी किती महिन्यांची, हे सही-तारखेसह घ्या. जुने भागही मागा. कंपनीची केंद्रं बहुधा देत नाहीत, म्हणून घड्याळ सोपवण्याआधीच विचारा. घरी आल्यावर दहा दिवस रोज ठरल्या वेळी फरक टिपा आणि तो कागद पावतीलाच टाचून ठेवा.