स्कोलिओसिसचे व्यायाम घरी कसे करायचे (टीनएज पोरांच्या आईबाबांसाठी)

आधी हे क्लिअर करू, की दप्तराच्या ओझ्याने किंवा मोबाइलवर वाकून बसल्याने स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं) होत नाही, त्यामुळे "सरळ बस म्हणून कितीदा सांगितलं होतं" हे डायलॉग बंद करा, पोराची काही चूक नाहीये. १० ते १८ वयात दिसणारा हा बाक बहुतेक वेळा इडिओपॅथिक असतो, म्हणजे नेमकं कारण सापडत नाही. एक्सरेवर कॉब अँगल (बाक किती आहे ते सांगणारा कोन) १० डिग्री किंवा जास्त आला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. आणि कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो पिळलाही जातो. म्हणून तर पुढे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येतात.

व्यायाम कुणासाठी? साधारण असं, की बाक लहान असेल तर लक्ष ठेवणं आणि व्यायाम, २५ डिग्रीच्या पुढे गेला आणि उंची अजून वाढतेय तर ब्रेस (बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचं कडक कवच) आणि सोबत व्यायाम, ४५-५० च्या वर ऑपरेशनची चर्चा. ब्रेस सांगितला असेल तर "आम्ही व्यायामच करू" म्हणून तो टाळू नका प्लीज. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये ४८ टक्के, आणि जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त. व्यायामाचा पुरावा इतका भक्कम नाही, आणि व्यायाम म्हणजे कुठलाही व्यायाम नाही.

इथेच लोक फसतात. व्हिडिओ बघून प्लँक, सूर्यनमस्कार, बारला लटकणं सुरू करतात. त्याने पाठ मजबूत होईल, चांगलंच आहे, पण दोन्ही बाजूंना सारखा व्यायाम म्हणजे बाकासाठीचा खास व्यायाम नाही. स्कोलिओसिसचे खास व्यायाम प्रत्येकाच्या बाकाप्रमाणे ठरतात. सगळ्यात माहितीतली श्रॉथ पद्धत, जर्मनीत कॅथरिना श्रॉथ यांनी १९२१ च्या सुमारास सुरू केलेली, त्यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. व्यायाम बाकाप्रमाणे ठरतो, म्हणून पोझिशन (अंग कसं धरायचं ते) ही पद्धत शिकलेल्या फिजिओकडूनच ठरवून घ्यायची, मैत्रिणीच्या मुलीचा चार्ट कॉपी करायचा नाही, तिचा बाक डावीकडे आणि तुमचा उजवीकडे असला तर सगळं उलटं होईल.

आता प्रत्यक्ष काय करतात ते एका उदाहरणाने. समजा छातीच्या भागात उजवीकडे बाक आहे (हाच प्रकार जास्त दिसतो). उजव्या बरगड्या मागे फुगलेल्या, डावीकडे पाठीत खळगा. मुलगी आरशासमोर स्टुलावर बसते, पाठ दिसेल असा टीशर्ट किंवा टॉप. आधी पार्श्वभाग दोन्हीकडे सारखा टेकवायचा, मग डोकं छताकडे ओढल्यासारखं उंच व्हायचं, पण खांदे कानाला न लावता. मग फिजिओने शिकवलं तसं छाती मध्यावर आणायची. आता खरी गंमत श्वासाची: तुम्ही मागे बसून डाव्या खळग्यावर बोटं हलकी टेकवा आणि तिला सांगा, "माझी बोटं ढकल." नाकाने श्वास घेऊन ती जागा मागे आणि बाहेर फुगवायची, उजवी बाजू नाही. श्वास सोडताना आलेली पोझिशन स्नायू आवळून धरून ठेवायची, सैल सोडायची नाही. सुरुवातीला बोटांखाली काहीच हलत नाही, मुलं वैतागतात, चालायचंच. श्वास दाबून धरून चेहरा लाल होत असेल तर थांबवा.

रोज साधारण अर्धा तास, तोही दोन तुकड्यांत केला तर चालतो, आणि ब्रेस असेल तर तो काढलेल्या वेळेत. मला विचाराल तर रविवारी दोन तास करून बाकी आठवडा सुट्टी, यापेक्षा रोजची वीस मिनिटं कधीही बरी. शिवाय शिकलेलं बसणं-उभं राहणं शाळेच्या बाकावरही आठवलं पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासाची मेहनत उरलेला दिवस खाऊन टाकतो. पोहणं, खेळ, नाच बंद करू नका, ते उपचार नाहीत पण अपायही नाहीत.

दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, लघवीवर ताबा जात असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

एक्सरेत २-३ डिग्रीचा फरक आला म्हणून घाबरू नका आणि नाचूही नका, मोजण्यातच ५ डिग्रीपर्यंत इकडेतिकडे होतं. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात बाक पटकन वाढू शकतो, म्हणून तेव्हा ४ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं. फिजिओकडेही अधूनमधून उजळणीला जायचंच, कारण पोर वाढलं की बाकाचा आकारही बदलतो आणि मागच्या वर्षीची पोझिशन यावर्षी चालेलच असं नाही.