मोॲबची ऑफ-रोड सहल: तासांच्या हिशोबाने आखणी

अमेरिकेच्या युटा राज्यातील मोॲब हे कोलोरॅडो नदीकाठचे छोटे गाव ऑफ-रोड, म्हणजे पक्का रस्ता सोडून कच्च्या वाटांवर गाडी हाकणाऱ्या, वाहनचालकांना जगभरातून खेचून घेते. 1950च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्या लोकांनी लाल वालुकाश्मातून ज्या कच्च्या वाटा काढल्या, त्यांतल्या अनेकांवर आज जीप फिरतात. येथील सहल आखताना बहुतेक जण नकाशावरचे अंतर पाहतात आणि तिथेच बेत फसतो. खडकाळ वाटेवर ताशी 10 ते 15 किलोमीटर हा वेगही चांगला मानावा लागतो. म्हणून प्रत्येक दिवस किलोमीटरवर नव्हे, तर उजेडाच्या तासांवर बेतावा आणि एका दिवशी एकच मोठी वाट ठेवावी.

सर्वप्रथम ऋतू निश्चित करावा. मार्च ते मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, शिवाय जुलै ते सप्टेंबर या काळात दूर कुठेतरी झालेल्या वादळी पावसाने कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात. डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी अंदाज प्रतिकूल असेल त्या दिवशी अरुंद घळीत गाडी घालू नये.

गाडीचा प्रश्न त्यानंतरचा, पण सर्वांत महत्त्वाचा. विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास सहसा मनाई असते, आणि तिथे झालेले नुकसान विम्यात बसत नाही. त्यामुळे गावापर्यंत साधी गाडी आणावी आणि ऑफ-रोडच्या दिवसांपुरती मोॲबमध्येच जीप भाड्याने घ्यावी; मात्र कोणत्या वाटांना परवानगी आहे, हे करारात वाचून घ्यावे. स्वतःची गाडी नेत असाल, तर जमिनीपासूनची उंची आणि लो-रेंज फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरव्यवस्था) या दोन गोष्टींत तडजोड करू नये.

टायरमधील हवा कमी करणे हे नवख्यांना उगाच केलेले धाडस वाटते. प्रत्यक्षात त्याने टायर जमिनीला अधिक लांब टेकतो, पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. नेहमी 35 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा असलेल्या टायरमध्ये खडकाळ वाटेवर 20 ते 25 पुरते. मऊ वाळूत त्याहूनही खाली जावे लागते. डांबरी रस्त्यावर परतताच मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. म्हणून हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर आणि दाबमापक सोबत हवेतच. अडकलेली गाडी ओढताना पट्टा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने जीव गेले आहेत. ओढण्यासाठी चॅसीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) बसवलेले मजबूत हूकच वापरावेत.

पहिल्या ऑफ-रोड दिवसासाठी शेफर ट्रेल निवडावी, असे माझे ठाम मत आहे. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पठारावरून ही वाट वळणे घेत खाली उतरते आणि पुढे पोटॅश रोडने मोॲबला परतता येते. उतरताना लो-रेंजचा खालचा गिअर ठेवावा, ब्रेकवर सतत पाय ठेवून ते तापवू नयेत आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. सुमारे 160 किलोमीटरची व्हाइट रिम वाट मोहक असली, तरी तिला परवाना लागतो आणि ती निवांत पाहायला दोन-तीन दिवस हवेत. आठवड्याच्या सहलीत ती कोंबू नये. हेल्स रिव्हेंज या वाटेवरील तीव्र खडकचढांसाठी अनुभवी चालक सोबत असावा.

कुठेही वाट सोडून गाडी बाजूला घालू नये. काळसर, खडबडीत दिसणारी तिथली माती सजीव असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुले यांनी बांधलेला तो थर एका चाकाखाली चिरडतो आणि पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. वाळवंटाचे सारे जीवन त्या थरावर उभे आहे, म्हणून हा नियम मला इतर सर्व नियमांहून मोठा वाटतो.

दोन ऑफ-रोड दिवसांच्या मधोमध पायी फिरण्याचा एक दिवस ठेवावा, कारण शरीर धक्क्यांनी थकलेले असते. आर्चेस राष्ट्रीय उद्यान गावापासून सुमारे 8 किलोमीटरवर आहे. तेथील डेलिकेट आर्चची जाऊन-येऊन जवळपास 5 किलोमीटरची चढण सकाळी लवकर करावी, कारण वाटेत सावली जवळजवळ नाही. सूर्यास्तासाठी डेड हॉर्स पॉइंट योग्य, तेथून कोलोरॅडोचे वळण सुमारे 600 मीटर खाली दिसते. पाणी मात्र दररोज माणशी किमान 4 लिटर ठेवावे, आणि नकाशे मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यावेत, कारण घळींत नेटवर्क मिळत नाही.

शहराचा टप्पा शेवटी ठेवावा. जवळचे ग्रँड जंक्शन महामार्गाने दोन तासांच्या आत गाठता येते. वेळ असल्यास नदीकाठच्या 128 क्रमांकाच्या रस्त्याने निघावे. ग्रँड जंक्शनहून कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित क्षेत्रातला रिम रॉक ड्राइव्ह अर्ध्या दिवसात होतो. विमान सॉल्ट लेक सिटीहून असेल, तर साधारण चार तासांचा प्रवास धरून आदल्या संध्याकाळीच तिथे पोहोचावे आणि सकाळी युटाचे नैसर्गिक इतिहास संग्रहालय पाहावे. छतावर कॅरिअर असलेली उंच गाडी असल्यास बहुमजली पार्किंगच्या प्रवेशद्वारावरील उंचीची मर्यादा आधी तपासावी, आणि शहरात शिरण्यापूर्वी गाडीचा खालचा भाग धुऊन चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.