जुन्या बाजारातल्या ॲल्युमिनियम ब्लॉकचा तडा कसा सांधावा

जिप्सीसाठी १.३ लिटरचं जुनं इंजिन घेतलं. घरी आणून वरचा चिखल-तेल खरवडलं, तर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरांभोवती पाणी खेळणाऱ्या पोकळीच्या) बाजूला केसाएवढी रेघ दिसली. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ओरखडा आहे साहेब, उचलताना साखळी घासली असेल." पण ओरखड्याखाली हिरवट-पांढरी पपडी धरत नाही. तिथून कधीतरी कूलंट पाझरून वाळला होता. जुना ब्लॉक बघायला जाल तेव्हा टॉर्च आणि तारेचा ब्रश सोबत ठेवा आणि ही पपडी शोधा. बिलही मागून घ्या. इंजिन बदललं की आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, तिथे ते लागतं.

दुरुस्तीला घ्यावा की परत करावा?

हा निर्णय आधी. तडा वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर काम होण्यासारखं आहे. तिथे फक्त पाणी थोपवायचं असतं. मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या) बैठकीत, वरचं झाकण म्हणजे हेड कसणाऱ्या बोल्टच्या भोकाशी किंवा दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीत असेल, तर माझ्या मते ब्लॉक परत करा. परत घेत नसेल तर भंगारात द्या. जोड मारणारा भेटेलही, पण त्यानंतर सिलिंडरांचं बोरिंग, वरचा फेस सपाट करणं आणि लाइन बोअर (बेअरिंगच्या बैठका एका रेषेत कापणं) यांचा खर्च दुसऱ्या ब्लॉकच्या किमतीला भिडतो.

बाहेरच्या भिंतीत लांबट तडा असेल तर बहुतेकदा पाणी गोठल्यामुळे. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. आपल्याकडे एवढी थंडी कुठली, असं वाटेल. पण ब्लॉक कुठे कुठे राहून आलाय, हे कोणाला ठाऊक? पहाडात राहिलेल्या गाडीत कूलंटऐवजी साधं पाणी असेल तर एक रात्र पुरते.

सफाई

खरं काम इथे आहे. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते जोडात उकळून वर येतं. ब्लॉक पूर्ण मोकळा करा, सील-रबर काढा, डिग्रीझर आणि गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा.

गॅरेजवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकू नकोस. लोखंडी ब्लॉकला ती टाकी चालते. ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिक खाऊन टाकतं आणि वर हायड्रोजन सुटतो. दुसरं, क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगच्या ठिणगीत, म्हणजे आर्कमध्ये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. शेवटचा हात ॲसिटोनने मारा आणि ते पूर्ण उडू द्या.

तड्याची टोकं

डोळ्याला दिसतो त्यापेक्षा तडा नेहमी लांब असतो. डाय टेस्टचे तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. डाय फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, मग डेव्हलपर मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डबे नसतील तर जुनी युक्ती करा: रॉकेल लावा (हल्ली मिळत नाही, डिझेल चालतं), कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. थोड्या वेळाने तड्याच्या जागी ओली रेघ फुटते. आमचा तडा दिसायला चार बोटं होता, खडूवर सहा भरला. ही परीक्षा मात्र सफाईच्या शेवटच्या फेरीआधी करा, नाहीतर डिझेल पुन्हा आत मुरतं.

दोन्ही टोकांच्या किंचित पुढे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग कार्बाइड बरने (हँड ग्राइंडरला लागणाऱ्या दातेरी कटरने) व्ही आकाराची खाच काढा, भिंतीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत. ग्राइंडरचा दगड वापरू नका. त्यात ॲल्युमिनियम भरतं आणि दगडाचे कण धातूत रुततात.

आर्गन वेल्डिंग

हे शिकाऊ हाताचं काम नाही. मीही सफाई आणि खाच स्वतः केली, जोड मात्र उद्यमनगरातल्या वेल्डरकडून मारून घेतला. कोल्हापुरात ओतकाम आणि इंजिनकाम दोन्ही जाणणारी माणसं मिळतात, हा आमचा फायदा. तुमच्या वेल्डरने काय करायला हवं, तेवढं माहीत ठेवा.

ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांपलीकडे. ती फोडायला टिग मशीन (आर्गन वेल्डिंगचं मशीन) एसी करंटवर हवं, गॅस शुद्ध आर्गन. जोडात भरायची सळई, म्हणजे फिलर रॉड, ४०४३ नंबरचा, म्हणजे साधारण पाच टक्के सिलिकॉनचा. ५३५६ दिला तर नको म्हणा. त्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि सतत तापणाऱ्या इंजिनाला तो मानवत नाही.

एखादं निकामी हेड ब्लॉकवर बोल्टने कसा, बेअरिंग कॅपही बसवा, म्हणजे ब्लॉक वाकण्याला आवर बसतो. मग ब्लॉक सावकाश १५० अंशांपर्यंत तापवा. २०० च्या वर नको. तापलेलं ॲल्युमिनियम लाल होत नाही, त्यामुळे डोळ्याने अंदाज येत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरही चकचकीत पृष्ठावर कमी आकडा दाखवतो. टेंपरेचर क्रेयॉन, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणारा खडू, बरा.

जोड एका दमात ओढायचा नाही. इंचभर मारायचा, हातोडीने हलके ठोके द्यायचे, मग पुढचा इंच. वितळलेल्या थेंबात काळे ठिपके वर आले की थांबायचं. ते मुरलेलं तेल आहे. तेवढं खरवडून परत मारायचं. आमच्या वेल्डरने पहिला थर दोनदा काढला. मी घाई करत होतो, तो करत नव्हता. शेवटी ब्लॉक सावकाश निवावा म्हणून सिरॅमिक वूलमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या लोकरीसारख्या कापडात) गुंडाळून रात्रभर ठेवायचा. पंख्याखाली नाही.

चाचणी

पाण्याची सगळी तोंडं रबर शीट आणि पत्र्याच्या प्लेटांनी बंद करा. एका प्लेटला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावा. ब्लॉक गरम पाण्याच्या हौदात बुडवा आणि २० पीएसआयपर्यंत हवा भरा. जास्त नको. दाबलेली हवा प्लेट उडवू शकते, म्हणून प्लेटसमोर उभं राहू नका. अर्धा तास बघा. आमच्या जोडाच्या डाव्या टोकाला सुईच्या टोकाएवढा बुडबुडा दर पाच-सहा सेकंदांनी सुटत होता. टोकाला पाडलेलं भोक वेल्डने भरताना तळ राहिला होता. परत खरवडलं, परत तापवलं.

मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) घेऊन ब्लॉकवर हेड बसतं तो फेस तपासा. ०.०५ मिमीची पात पट्टीखालून कुठे आरपार गेली तर फेस मशीनवर सपाट करून घ्या. इंजिन जोडल्यावर साधं पाणी नको, कूलंटच भरा. आणि पहिले पाचशे किलोमीटर दर दोन-तीन दिवसांनी टॉर्च घेऊन त्या जोडाखाली बघा, हिरवट पपडी धरतेय का.