अमेरिकेतील स्थानिक टीव्ही बातम्यांची वेळ किंवा नाव बदलले, तर नेमके काय बदलले हे कसे शोधावे

नेहमीच्या वाहिनीवर संध्याकाळी पाचचे बातमीपत्र लागत नाही, किंवा लागते पण त्याचे नाव, लोगो आणि सुरुवातीचे संगीत अनोळखी असते, तेव्हा प्रेक्षकाचा पहिला तर्क ‘वाहिनी विकली गेली’ असा असतो. तो कधी खरा निघतो, पण केवळ लोगो पाहून तसे ठरवता येत नाही. अमेरिकेतील एका स्थानिक केंद्राची ओळख अनेक गोष्टींची मिळून बनलेली असते: सरकारी परवाना व त्यावरील कॉल लेटर्स (केंद्राची अधिकृत ओळख असलेली अक्षरे), पडद्यावर दिसणारा वाहिनी क्रमांक, मालक कंपनी, राष्ट्रीय नेटवर्क (देशभरच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी) आणि प्रत्यक्ष बातम्या तयार करणारा वृत्तविभाग. या सर्वांवर ब्रँडचे नाव चढवलेले असते. यांतील कोणतीही एक गोष्ट बाकीच्यांना हात न लावता बदलू शकते. म्हणून बदल दिसला की यांपैकी काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे एकेक करून तपासावे.

सुरुवात कॉल लेटर्सपासून करावी, कारण लोगो सहज बदलता येतो, पण ही अक्षरे संघीय संचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, नोंदीतली असतात. प्रत्येक केंद्राने दर तासाला, तास भरण्याच्या सुमारास, आपली कॉल लेटर्स आणि परवान्यातील शहराचे नाव जाहीर करावे असा नियम आहे. ही ओळख बहुधा पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काही क्षणच दिसते. त्यामुळे तास पूर्ण होण्याच्या आधी व नंतर दोन-तीन मिनिटे लक्ष ठेवावे आणि जमल्यास पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अक्षरे साधारणपणे ‘डब्ल्यू’ने आणि पश्चिमेकडील ‘के’ने सुरू होतात. पिट्सबर्गचे केडीकेए किंवा डॅलसचे डब्ल्यूएफएए यांसारखे जुने अपवाद मात्र आहेत. कॉल लेटर्स तीच असतील आणि फक्त नाव बदलले असेल, तर तो बदल ब्रँडपुरता असण्याची शक्यता बरीच असते. ब्रँडचे नाव काय असावे हे एफसीसी ठरवत नाही. तो निर्णय केंद्राचा आणि त्याच्या मालकाचा असतो.

पडद्यावरच्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले, आणि त्यानंतर दिसणारा क्रमांक व प्रत्यक्ष प्रक्षेपणाची वारंवारता यांचा थेट संबंध उरला नाही. ब्रँडमधला आकडा तर कधी केबलवरच्या जागेवरून घेतलेला असतो. सॅन डिएगोचे केएनएसडी अँटेनावर ३९ क्रमांकाला लागते, पण स्वतःला ‘एनबीसी ७’ म्हणवते. ‘आयविटनेस न्यूज’ आणि ‘ॲक्शन न्यूज’ ही बातमीपत्रांची नावेही केंद्राची खूण म्हणून पुरेशी नाहीत. पहिला साचा १९६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या केवायडब्ल्यूवर आकाराला आला, दुसरा १९७० मध्ये त्याच शहराच्या सहा क्रमांकाच्या वाहिनीवर, आणि पुढे दोन्ही नावे देशभर पसरली. त्यामुळे बदलाची नोंद करताना नावासोबत शहर आणि कॉल लेटर्स लिहिणे आवश्यक आहे.

यानंतर नेटवर्क तपासावे. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स यांच्या मालकीची काही केंद्रे आहेत. बाकीची बहुसंख्य केंद्रे इतर कंपन्यांची असून कराराने नेटवर्कशी संलग्न आहेत. करार संपला तर नेटवर्क दुसऱ्या केंद्रावर जाते आणि जुने केंद्र आपला क्रमांक, इमारत, निवेदक यांच्यासह जागच्या जागी राहते. हे समजून घेण्यासाठी अटलांटाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने नॅशनल फुटबॉल लीगच्या सामन्यांचे हक्क सीबीएसकडून खेचून घेतले आणि मे १९९४ मध्ये न्यू वर्ल्ड कंपनीशी करार करून तिची अनेक केंद्रे आपल्याकडे वळवली. त्यात अटलांटाचे पाच क्रमांकाचे डब्ल्यूएजीए होते. ते फॉक्सकडे गेल्यामुळे सीबीएसला त्या वर्षाच्या अखेरीस ४६ क्रमांकाच्या केंद्रावर जागा शोधावी लागली. ते केंद्र पुढे डब्ल्यूजीसीएल या कॉल लेटर्सनी आणि ‘सीबीएस ४६’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२१ च्या अखेरीस ते ग्रे कंपनीकडे आले, म्हणजे मालक बदलला, पण नाव लगेच बदलले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉल लेटर्स डब्ल्यूएएनएफ झाली आणि ‘अटलांटा न्यूज फर्स्ट’ हे नाव आले. नेटवर्क मात्र सीबीएसच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीएसने आपला कार्यक्रम स्वतःच्या मालकीच्या डब्ल्यूयूपीए या केंद्रावर नेला आणि डब्ल्यूएएनएफ स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही नेटवर्कशी न जोडलेले, झाले. या वेळी मालक, कॉल लेटर्स व नाव कायम राहिले आणि बदलले ते फक्त नेटवर्क. ब्रँडमधून सीबीएसचा उल्लेख जवळजवळ तीन वर्षे आधीच गेला असल्यामुळे, ज्याने केवळ लोगोवर लक्ष ठेवले त्याला २०२२ मध्ये नेटवर्क गेल्याचा भास झाला असेल आणि २०२५ मध्ये ते खरोखर गेले तेव्हा काही बदलल्याचे कळलेही नसेल.

नेटवर्क बदलले की वेळापत्रक का हलते, हे एकदा ध्यानात आले की पुढचे बदल ओळखणे सोपे जाते. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी यांचा प्राइम टाइम, म्हणजे रात्रीच्या मुख्य राष्ट्रीय कार्यक्रमांचा वेळ, ईस्टर्न (पूर्व किनाऱ्याच्या) वेळेनुसार रात्री अकराला संपतो, म्हणून त्यांच्या केंद्रांचे रात्रीचे बातमीपत्र अकराला लागते. फॉक्सचा प्राइम टाइम दहाला संपतो आणि त्याला तिघांसारखा राष्ट्रीय सकाळचा कार्यक्रम नाही, म्हणून फॉक्सची केंद्रे दहाला आणि सकाळी लांबलचक स्थानिक बातम्या देतात. स्वतंत्र झालेल्या केंद्राकडे तर नेटवर्कचे सगळेच तास मोकळे होतात. मायामीच्या डब्ल्यूपीएलजीने ऑगस्ट २०२५ मध्ये एबीसीशी असलेला १९५७ पासूनचा संबंध संपवला, तेव्हा त्याने स्थानिक बातम्यांचे तास वाढवले; एबीसी त्या शहरात डब्ल्यूएसव्हीएन या केंद्राच्या उपवाहिनीवर (त्याच केंद्राच्या प्रक्षेपणातील जोडवाहिनीवर), ७.२ वर, गेले. अशा वेळी डब्ल्यूपीएलजीची, म्हणजे ‘लोकल १०’ची, बातमीपत्रे हवी असलेल्याने दहा क्रमांकावर राहायचे आणि एबीसीचे कार्यक्रम हवे असलेल्याने ७.२ शोधायचे. प्रेक्षकाला दोन्ही हवे असतील, तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात.

वेळेची तुलना करताना टाइम झोन विसरू नये. सेंट्रल भागात प्राइम टाइम सात ते दहा असतो आणि रात्रीच्या बातम्या दहाला लागतात. त्यामुळे शिकागोहून न्यूयॉर्कला राहायला गेलेल्या माणसाला बातम्या ‘एक तास उशिरा ढकलल्या’ असे वाटते, पण प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. पॅसिफिक भागात पुन्हा अकराचीच पद्धत आहे, पण सॅक्रामेंटोचे केओव्हीआर सीबीएसचा प्राइम टाइम सात ते दहा दाखवून दहाला बातम्या देते.

कोणताही बदल दिसला की आधीच्या आणि नंतरच्या तासात काय लागते हेही लिहून ठेवावे, कारण बातमीपत्राचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात आधीच्या कार्यक्रमाकडून येतो. सप्टेंबर २००९ मध्ये एनबीसीने रात्री दहाच्या तासाला विनोदी निवेदक जे लेनो यांचा रोजचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा अकराच्या स्थानिक बातम्यांचा प्रेक्षक घटल्याची तक्रार संलग्न केंद्रांनी इतक्या जोराने केली की फेब्रुवारी २०१० मध्ये तो कार्यक्रम त्या वेळेवरून हटवावा लागला. दुपारीही असेच घडते. ओप्रा विन्फ्री यांचा रोजचा कार्यक्रम मे २०११ मध्ये संपल्यावर अनेक केंद्रांनी चारच्या रिकाम्या जागेत स्थानिक बातम्या आणल्या. विकत घेतलेल्या कार्यक्रमांचा नवा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणून त्या सुमारास वेळापत्रक विशेष लक्षपूर्वक पाहावे. फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर हे नील्सनच्या प्रेक्षकमापनाचे परंपरागत महत्त्वाचे महिने आहेत. त्या काळात दिसणारे खास कार्यक्रम कायमचे समजू नयेत.

ब्रँड आणि वेळ दोन्ही बदलूनही मालक व नेटवर्क तेच राहिल्याचे उदाहरण लॉस एंजेलिसमध्ये सापडते. तेथील केसीबीएस आणि केसीएएल ही दोन्ही केंद्रे सीबीएसचीच. जानेवारी २०२३ मध्ये दोन्हींच्या बातम्या ‘केसीएएल न्यूज’ या एका नावाखाली आल्या आणि केसीएएलवर सकाळची दीर्घ बातमीपत्रे सुरू झाली.

मालक कोण हे पाहण्यासाठी बातमीपत्राच्या शेवटी येणारी कॉपीराइटची ओळ वाचावी आणि मग एफसीसीच्या संकेतस्थळावर त्या केंद्राची सार्वजनिक फाइल उघडावी. ही फाइल कोणालाही विनामूल्य पाहता येते आणि तीत मालकीचे अहवाल असतात. परवाना एका कंपनीकडून दुसरीकडे जायचा असेल तर आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्यामुळे विक्रीची घोषणा आणि विक्री पूर्ण होणे यांत अनेक महिने जाऊ शकतात, आणि कधी व्यवहार फिसकटतोही. सिंक्लेअर व ट्रिब्यून या केंद्रमालक कंपन्यांचे जाहीर झालेले विलीनीकरण ऑगस्ट २०१८ मध्ये मोडले. म्हणून घोषणेची तारीख आणि प्रत्यक्ष हस्तांतरणाची तारीख नेहमी वेगवेगळी लिहावी.

याच फाइलमध्ये दर तिमाहीची एक यादी असते, जिच्याकडे फार थोडे लोक पाहतात आणि जी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या भागातील महत्त्वाच्या प्रश्नांवर कोणते कार्यक्रम दाखवले, कोणत्या दिवशी, किती वाजता व किती वेळ, हे केंद्राला तीत द्यावे लागते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या दहा तारखेपर्यंत ती टाकली जाते. बदलापूर्वीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवून वाचली, की स्थानिक वार्तांकन खरोखर वाढले की केवळ बातमीपत्रांचे तास वाढले, याचा बराच अंदाज येतो.

शेवटची तपासणी वृत्तविभागाची, आणि नागरिक म्हणून मी हिलाच सर्वाधिक महत्त्व देतो. लोगो नवा आला तरी बातमीदार तेच असतील, तर गावातील चक्रीवादळाचा इशारा, शाळा मंडळाची बैठक किंवा बंद पडलेला पूल यांची बातमी पोहोचत राहते; उलट नाव जुनेच राहून बातम्या दूरच्या शहरात तयार होऊ लागल्या, तर नुकसान मोठे असूनही ते पडद्यावर चटकन दिसत नाही. मे २०२३ मध्ये ऑरेगनमधील मेडफर्डच्या केटीव्हीएलवरील स्थानिक बातमीपत्रे बंद झाली आणि तेथे सिंक्लेअरचा राष्ट्रीय बातम्यांचा कार्यक्रम आला. हे तपासण्यासाठी आठवडाभर बातमीपत्र पाहून किती बातम्या आपल्या परिसरातल्या आहेत, बातमीदार प्रत्यक्ष घटनास्थळी आहे का, हवामान सांगणारा आपल्या तालुक्यांची, म्हणजे काउंटींची, नावे घेतो का, आणि तेच बातमीपत्र दुसऱ्या क्रमांकावर दुसऱ्या नावाने लागते का, हे मोजावे. प्रेक्षकांच्या बोलण्याचा उपयोगही होतो: जानेवारी २०२५ मध्ये ॲलन मीडिया ग्रुपने आपल्या केंद्रांवरील हवामानवृत्त अटलांटाहून देण्याचे ठरवले, तेव्हा गावोगावच्या विरोधानंतर कंपनीला त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागला.

वाहिनी अजिबातच दिसेनाशी झाली असेल, तर वेळापत्रकाचा विचार करण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी कराव्यात. अँटेना असल्यास टीव्हीवर वाहिन्यांचा पुन्हा शोध चालवावा, आणि केबल किंवा उपग्रह सेवा असल्यास वाहिनी दाखवण्याच्या मोबदल्यावरून केंद्रमालक व त्या सेवेत वाद होऊन ती काढली आहे का ते पाहावे. २०२३ च्या उन्हाळ्यात केंद्रमालक नेक्सस्टार आणि उपग्रह सेवा डायरेक्टीव्ही यांच्या वादात दीडशेहून अधिक केंद्रे त्या सेवेवरून सप्टेंबरपर्यंत गायब होती, पण अँटेनावर ती चालूच होती. कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रात (डीव्हीआरमध्ये) बातमीपत्र नावानुसार लावले असेल, तर नाव बदलताच नोंद निकामी होते; ती वेळ व वाहिनीनुसार नव्याने लावावी आणि पहिल्या दिवशी योग्य तेच साठवले गेले का, हे तपासून पाहावे.