मूर्ती आधी उलटी करून बघा

कोकरू घेतलेला मुलगा, कुत्र्याशी खेळणारी मुलगी अशी जुनी इंग्लिश पोर्सिलेनची मूर्ती विकत घेताना गोड चेहरा नंतर बघा, आधी तळ बघा. तिथे ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे त्या वर्षापासून मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर सरळ विसाव्या शतकातली धरा.

जहाजाच्या नांगराचं सोनेरी चिन्ह दिसलं की विक्रेता लगेच ‘चेल्सी’ म्हणतो, म्हणजे लंडनच्या जुन्या चेल्सी पोर्सिलेन कारखान्याची. इथे सावध! अठराव्या शतकातल्या अस्सल चेल्सी मूर्तीवरचा नांगर जेमतेम काही मिलिमीटरचा, बहुधा मागे लपवल्यासारखा असतो. मोठा, ठसठशीत नांगर म्हणजे बहुतेक नंतरची नक्कल. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा भरपूर केल्या. त्यांचं पोर्सिलेन कडक, पांढरंफटक. चेल्सीचं मऊ, किंचित सायीच्या रंगाचं.

डर्बी या दुसऱ्या इंग्लिश कारखान्याच्या जुन्या मूर्तींवर अनेकदा शिक्काच नसतो. तळाला मात्र तीन-चार काळसर डाग असतात, भट्टीत मातीच्या गोळ्यांवर टेकवल्याचे. शिक्का कुणीही रंगवू शकतो, म्हणून माझा भरवसा या डागांवर जास्त.

शेळीवर किंवा घोड्यावर बसलेली, पाठ सपाट असलेली व्हिक्टोरिया राणीची मुलं दिसली तर ती इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातली, आणि सहसा पोर्सिलेन नव्हेतच, साधी झिलईची माती. त्यांच्या तळाचं हवेचं भोक बारीक हवं. बोट जाईल एवढं मोठं असेल तर आधुनिक नक्कल समजा.