देशाचा प्राधान्यक्रम ठरवताना या चुका टाळा

विकसनशील देशाकडे पैसा कमी आणि गरजा फार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही नियोजनाच्या कागदांत शिक्षण, आरोग्य, शेती, रस्ते, रोजगार आणि पर्यावरण या सगळ्यांपुढे 'सर्वोच्च प्राधान्य' असेच लिहिलेले सापडते. अशी यादी खर्च कुठे करायचा हे सांगत नाही. 'हे आधी' म्हटले, की 'ते पाच वर्षे थांबेल' हेही त्याच पानावर लिहावे लागते. मसुदा तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा: या प्राधान्यासाठी कोणते काम मागे ठेवले? उत्तर नसेल तर मसुदा परत पाठवा. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे आणि 169 लक्ष्ये जशीच्या तशी उतरवून काढणे हा याच चुकीचा आजचा प्रकार.

मुदत लिहिली, पैसा लिहिला नाही

राज्यघटनेच्या मूळ कलम 45 मध्ये 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना 10 वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती आणि तेवढ्या खर्चाचे बंधनही कुणावर नव्हते. 6 ते 14 वयोगटासाठी हा मूलभूत हक्क झाला तो 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने, आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च सुचवला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच 6 टक्क्यांचा आकडा पुन्हा उद्दिष्ट म्हणून आला.

हे टाळायचे तर हिशेब उलट्या बाजूने मांडा. अपेक्षित महसुलातून पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे व्याज आणि कायद्याने बांधलेली अनुदाने आधी वजा करा. उरते तीच खरी निवडीची रक्कम, आणि प्राधान्यक्रम तिच्यापुरताच असतो. नवी इमारत मंजूर करताना तिचा चालू खर्चही त्याच टिपणीत दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्र बांधण्याचा खर्च एकदाच होतो. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि वीजबिल दरवर्षी लागतात. ही तरतूद नसली तर इमारत उभी राहते आणि पदे रिक्त राहतात.

घोषणा खरी आहे का, हे अर्थसंकल्पातच कळते. केंद्राच्या 2025-26 च्या कागदपत्रांत 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा मूळ आणि सुधारित अंदाज आणि नव्या वर्षाची तरतूद एका ओळीत दिसते. एखाद्या 'प्राधान्या'चा सुधारित अंदाज मूळ अंदाजाहून वर्षानुवर्षे कमीच येत असेल, तर पैसा दुसरीकडे वळतो आहे किंवा खर्च करणारी यंत्रणाच अपुरी आहे. दोन्हींवर उपाय वेगळे, म्हणून आधी कारण शोधा.

साखळीतला एक दुवा विसरणे

या चुकीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे आम्हाला वाटते. 1956 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला. दिशा विचारपूर्वक निवडलेली होती, पण यंत्रसामग्री आयात करायला परकीय चलन लागते आणि ते 1957 मध्येच आटू लागले. शेतीला तुलनेने कमी वाटा मिळाला होता. 1965 आणि 1966 च्या दुष्काळांनी ती उणीव उघडी पाडली; 1966 मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले आणि त्यातले बरेचसे अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदत कार्यक्रमातून आले.

त्यानंतर गव्हाबाबत जे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. 1966 मध्ये मेक्सिकोतून 18 हजार टन बियाणे आणले गेले. पण त्याआधीच, 1965 मध्ये, भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले होते. बियाणे, हमखास पाणी, खत, कर्ज, आधारभूत किंमत आणि सरकारी खरेदी हे सगळे निवडक सिंचित भागांत एकत्र पोहोचले. 1964-65 मध्ये सुमारे 1.2 कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन 1970 पर्यंत 2 कोटी टनांवर गेले. नुसते बियाणे वाटून हे झाले नसते. म्हणून प्रत्येक प्राधान्यासमोर त्याला लागणारे सगळे दुवे लिहा आणि सर्वांत कच्च्या दुव्याला पहिला पैसा द्या.

याच उदाहरणाची दुसरी बाजू विसरू नका. गहू-तांदळाचे ते प्राधान्य गरज बदलल्यावरही तसेच चालू राहिले आणि पंजाबातील भूजल खोल गेले. प्राधान्याला संपण्याची तारीख हवी. त्या तारखेनंतर ते पुढे चालवायचे असेल तर नव्याने समर्थन द्यावे लागेल.

चुकीचे मोजमाप

2004 च्या व्याख्येनुसार वितरणाची व्यवस्था झाली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली आणि किमान 10 टक्के घरांना जोडणी मिळाली, की गाव 'विद्युतीकृत' ठरते. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लेईसांगला वीज मिळाल्यावर देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. घराघरांत जोडणी देण्यासाठीची सौभाग्य योजना मात्र त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर 2017 मध्ये, वेगळी सुरू करावी लागली होती. मोजमाप शेवटच्या माणसाशी करा: खांब नको, रोज किती तास वीज, शाळेची पटसंख्या नको, तिसरीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येते का.

सरासरीनेही फसगत होते. महाराष्ट्रात 1984 च्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्हावार आणि क्षेत्रवार अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, काढला, म्हणून मागासलेपणाची चर्चा आकड्यांवर आली. आकडे ताजेही हवेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी 2011 च्या जनगणनेवरून ठरले. त्यानंतर वाढलेली लोकसंख्या त्या मर्यादेत मोजलेली नाही.

अर्धवट कामांवर नवी कामे

विदर्भात वैनगंगेवरचा गोसीखुर्द सिंचन प्रकल्प 1983 मध्ये सुमारे 372 कोटी रुपयांना मंजूर झाला. पुढे त्याची किंमत 18 हजार कोटींपलीकडे गेली. धरणात पाणी साठू लागले तरी कालवे आणि पुनर्वसन रेंगाळले. दरवर्षी थोडा थोडा निधी अनेक कामांत वाटला, की भाववाढच तो खाते.

उपाय साधा आहे. अपूर्ण कामांची उर्वरित किंमत काढा आणि वार्षिक तरतुदीने भागा. 5,000 कोटींची कामे शिल्लक आणि तरतूद 500 कोटींची, म्हणजे भाववाढ न धरताही दहा वर्षे. उत्तर पाचाहून मोठे आले तर नवी मंजुरी थांबवा आणि पूर्णत्वाला सर्वांत जवळ असलेल्या कामांना पूर्ण रक्कम द्या. जमीन ताब्यात नसलेल्या कामाची निविदा काढू नका.

आढावा तिमाही ठेवा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनुसार शेवटच्या तिमाहीत तरतुदीच्या 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्के ही खर्चाची मर्यादा आहे. डिसेंबरअखेर निम्माही खर्च झाला नसेल, तर रक्कम मार्चमध्ये उधळण्याऐवजी त्याच प्राधान्यातल्या तयार कामाकडे वळवा.