सागरी उड्डाणापूर्वी उपग्रहीय ध्वनिसंपर्काची तयारी

महासागरावर व्हीएचएफ हा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ पोहोचत नाही आणि सौरवादळाच्या दिवशी एचएफ या लांब पल्ल्याच्या रेडिओवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून उपग्रहावरून बोलण्याची सोय विमानात असते. ती सुरू आहे आणि सेवेचे शुल्क भरलेले आहे, हे येथे गृहीत धरले आहे. प्रथम मार्ग पाहावा. इन्मारसॅट या उपग्रहसेवेचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे साधारण ८० अंश अक्षांशापलीकडे त्यांचा भरवसा धरू नये. ध्रुवाजवळून जायचे असल्यास सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरूनही फिरणारे इरिडियम या दुसऱ्या सेवेचे उपग्रह हवेत.

यानंतरची बाब सविस्तर लिहितो: विमानाचा २४ बिटांचा पत्ता, म्हणजे त्या विमानाचा ओळख क्रमांक. जमिनीवरून विमानाला फोन लावताना हाच पत्ता आठ अष्टमान अंकांत (० ते ७) वापरला जातो, तर फ्लाइट प्लॅनच्या, म्हणजे उड्डाणापूर्वी दाखल करायच्या आराखड्याच्या, १८व्या रकान्यात तोच सहा षोडशमान चिन्हांत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिला जातो. उदाहरणार्थ, ‘एबीसीडीईएफ’ हा पत्ता अष्टमानात ५२७४६७५७ होतो. हे रूपांतर मनातल्या मनात करू नये. पत्ता तीन ठिकाणी जुळला पाहिजे: विमानातील उपकरणात, सेवा पुरवणाऱ्याच्या नोंदीत आणि फ्लाइट प्लॅनमध्ये. विमान भाडेपट्ट्याने दुसऱ्या देशात नोंदले गेले की पत्ता बदलतो, आणि यांपैकी एखादी जागा जुनीच राहते. दोन ठिकाणी जुळला म्हणून तिसरे सोडू नये. ‘नोंद केलेली आहे’ हे तोंडी उत्तर चालणार नाही; आकडे डोळ्यांनी पाहावेत.

चाचणी हँगरच्या छताखाली घेऊ नये, कारण अँटेनाला मोकळे आकाश लागते. विमानातून फोन लागला एवढ्यावर समाधान मानणे हा नेहमीचा घोटाळा आहे: विमानातून जाणारा फोन लागत असतानाही येणारा फोन अडकू शकतो, आणि पत्ता चुकलेला असेल तर अडकतो तो येणाराच. म्हणून जमिनीवरून विमानाला फोन लावून घ्यावा, आणि पत्ता पुन्हा एकदा ताडून पाहावा.

फ्लाइट प्लॅनच्या १०व्या रकान्यात इन्मारसॅटसाठी एम१ आणि इरिडियमसाठी एम३ लिहावे. मार्गावरील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रांना फोन लावण्याचे सहा अंकी संकेतांक व पूर्ण दूरध्वनी क्रमांक दोन्ही जवळ असावेत. उपग्रहीय संपर्क आहे म्हणून एचएफ सुटत नाही. नियामकाची स्पष्ट मुभा नसेल तर एचएफ चालू स्थितीत हवाच, आणि सेलकॉलची (रेडिओवरून ठरावीक विमानालाच इशारा देऊन बोलावण्याच्या सोयीची) तपासणीही सागरी हद्दीपूर्वी उरकावी.

उड्डाणात नियंत्रण केंद्राला लावायच्या फोनसाठी दुसऱ्या पातळीचे, म्हणजे क्यू१२ प्राधान्य निवडावे, संकटात पहिले. भूस्थिर उपग्रहावरून आवाज पोहोचायला सुमारे पाव सेकंद लागतो, तेव्हा समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. नियंत्रण केंद्राने दिलेली परवानगी परत वाचून दाखवावी. बोलणारा नियंत्रण केंद्राचाच आहे का, अशी शंका आली तर फोन ठेवून आपण स्वतः लावावा.

उतरल्यावर बिघाड तांत्रिक नोंदवहीत लिहावा, आणि उपकरण बदलले गेल्यास पत्ता तिन्ही ठिकाणी पुन्हा तपासावा.